वाङ्मयांतील प्रजागर

आमच्या संस्कारांत जागरणाला जितका मान आहे, तितका झोंपेला नाहीं. कोजागिरीच्या रात्रीं लक्ष्मी 'कोण जागा आहे?' असें विचारीत फिरते आणि जो जागा सांपडेल त्याच्या पदरांत ऐश्वर्य टाकते. हरितालिकेला बायका रात्र जागवितात. कीर्तनांत घालविलेली रात्र पुण्याच्या खातीं जमा होते. शेंडीला दोरी बांधून ती खुंटीला अडकविणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट आम्हीं लहानपणीं किती वेळां ऐकली असेल, तिची गणती नाहीं. चौदा वर्षें डोळ्याला डोळा न लावणारा लोककथेंतला लक्ष्मण हा आमचा आदर्श, आणि कुंभकर्ण हा चेष्टेचा विषय. झोंप म्हणजे आळस, झोंप म्हणजे तमोगुण, ही समजूत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ज्याची झोंप हरपली त्याचें कांहीं मोलाचें हरपलें असें आम्हांला सहसा वाटत नाहीं. "रात्रभर झोंप आली नाहीं" असें कोणी म्हटलें, तर "एवढी काळजी कसली करतोस?" असें आम्ही विचारतों. म्हणजे आमच्या मतें काळजी हें मूळ आणि झोंपमोड हें तिचें फळ. गाडा उलट दिशेनेंहि चालत असेल, झोंप मोडल्यानें काळजी वाढत असेल, राग अनावर होत असेल, विवेक पांगळा होत असेल, ही शंका आमच्या मनाला क्वचितच शिवते.

वाङ्मयानें ही समजूत कितपत उचलली आणि कितपत ओलांडली, हा प्रश्न आम्हांला केवळ विद्वत्तेचा वाटत नाहीं. कथा-नाटकांतून आम्ही माणसाच्या अपराधाचा निवाडा करावयास शिकतों, आणि तीच तागडी पुढें घरांत, शाळेंत, कचेरींत नकळत वापरतों. म्हणून प्रस्तुत लेखांत कांहीं प्रसिद्ध रात्री पुन्हां एकदां वाचून पाहाव्या, असें आम्हीं योजिलें आहे: महाभारतांतील दोन, शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकांतील कांहीं, आणि अंतोन चेकॉव्ह याच्या एका लहानशा गोष्टींतील एक. कवींनीं निद्रानाश हा बहुधा मनाच्या बिघाडाचा पुरावा म्हणून किंवा पापाची शिक्षा म्हणून वापरला आहे. तो स्वतःच बिघाडाचें कारण होऊं शकतो, हें थोड्यांनाच दिसलें. ज्यांना दिसलें त्यांची कृति माणसाच्या अधिक जवळ गेली, असें आमचें मत आहे, आणि तें येथें सप्रमाण मांडावयाचें आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वांत 'प्रजागर' या नांवाचें एक उपपर्वच आहे. झोंप न येण्याच्या नांवानें एक अख्खें प्रकरण ओळखलें जावें, हा मान महाकाव्यांत विरळा. पांडवांकडून परत आलेला संजय धृतराष्ट्राची निर्भर्त्सना करतो, आणि निरोप मात्र उद्यां सभेंत सांगेन असें म्हणून निघून जातो. म्हातारा राजा अंथरुणावर तळमळतो आणि रात्रींच विदुराला बोलावणें धाडतो. विदुराचें पहिलें बोलणें वैद्याच्या तोंडीं शोभावें असें आहे. बलवानानें गांठलेला दुबळा, सर्वस्व गमावलेला, कामातुर आणि चोर, एवढ्यांची झोंप उडते. आपल्याला यांपैकीं कशानें ग्रासलें आहे? परक्याच्या धनाचा लोभ तर आंतून जाळीत नाहीं ना? प्रश्न सौम्य आहे, पण राजाच्या वर्मीं बसणारा आहे.

येथें निद्रानाश हें लक्षण आहे. दुखणें दुसरीकडे आहे. म्हणून विदुर झोंपेचा उपाय सांगत नाहीं, नीति सांगतो. ती आठ अध्यायांची नीति राजा ऐकून घेतो, पटली असें म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो कीं दुर्योधन समोर आला म्हणजे आपली बुद्धि पुन्हां फिरते. या कबुलींत पुत्रमोह आहे, हें सर्वमान्य आहे आणि खरेंहि आहे. तथापि आमच्या मनांत एक लहानशी शंका येते. काळजीनें पोळलेल्या, रात्रभर जागलेल्या वृद्धाला नीतीचे आठ अध्याय ऐकवून त्याच्याकडून निश्चयाची अपेक्षा करावी, हें कितपत व्यवहार्य होतें? थकलेल्या मनाला उपदेश कळतो. तो पेलण्याचें बळ मात्र त्याच्या अंगीं उरलेलें नसतें. विदुराचें निदान बरोबर होतें, परंतु औषध देण्याची वेळ रोग्याला सोसणारी नव्हती.

दुसरी रात्र सौप्तिकपर्वांतली. अठरा दिवसांचें युद्ध संपलें आहे. कौरवांकडचे तीनच वीर, कृपाचार्य, कृतवर्मा आणि अश्वत्थामा, एका अरण्यांत वडाखालीं उतरले आहेत. पहिले दोघे जमिनीवरच निजतात. अश्वत्थाम्याला झोंप येत नाहीं. जागत्या डोळ्यांना दिसतें तें एवढेंच कीं, वडावर निजलेल्या कावळ्यांवर एक घुबड येऊन पडतें आणि त्यांचा संहार करतें. पित्याच्या वधानें पेटलेल्या त्या मनाला हा उपदेश वाटतो. तो दोघांना उठवून आपला बेत सांगतो: निजलेल्या पांडवसैन्यावर आतांच तुटून पडावयाचें.

यापुढचें कृपाचार्यांचें बोलणें आम्हांला सबंध महाभारतांतल्या शहाणपणाच्या बोलण्यांपैकीं एक वाटतें, आणि त्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. आधीं ते म्हणतात कीं धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांचा सल्ला घ्यावा. पण तेवढ्यावर ते थांबत नाहींत. तूं फार काळ जागा आहेस, ही एक रात्र नीज. विसावा घे, मन स्वस्थ होऊं दे. सकाळीं आम्ही दोघेहि तुझ्याबरोबर लढावयास येऊं, असें त्यांचें सांगणें आहे. ते त्याचा सूड नाकारीत नाहींत. सूड घ्यावयाचा कीं नाहीं हें ठरविणारें मन आधीं झोंपून उठलेलें असावें, एवढाच त्यांचा आग्रह आहे. अश्वत्थाम्याचें उत्तरहि तितकेंच अचूक आहे. दुःखानें आतुर झालेला, क्रोधानें पेटलेला, कार्याच्या विचारांत गढलेला आणि इच्छेनें व्याकुळ झालेला, यांना झोंप कोठली? आणि माझ्या ठायीं तर ह्या चारीहि गोष्टी आहेत. यांतला चौथा हिस्सासुद्धां झोंप उडवावयास पुरे. विदुर जें लक्षण म्हणून मोजतो, तेंच येथें रोगी स्वतः मोजून दाखवितो, आणि तरीहि निजत नाहीं.

पुढचें सर्वांना ठाऊक आहे. शिबिरांत शिरून तो निजलेल्या धृष्टद्युम्नाला लाथाबुक्क्यांनीं मारतो, द्रौपदीच्या पांचहि मुलांना मारतो. ज्याला झोंप नाहीं त्यानें निजलेल्यांना मारावें, या योजनेंत महाभारतकारांची दृष्टि किती खोल गेली आहे हें पाहावें. कृपाचार्यांचा सल्ला त्यांनीं कृत्याच्या आधीं ठेवला, यामुळें आमच्या हातीं दोन गोष्टी येतात: अपराधाची जबाबदारी आणि अपराध टळण्याची शक्यता. कपाळावरच्या जखमेला तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा आमच्या आजीच्या गोष्टींत अजून आहे. पण 'बाबा, आधीं नीज' असें म्हणणारे कृपाचार्य त्या गोष्टींतून गळाले, ही हानि मोठी आहे.

आतां पश्चिमेकडे वळूं. 'मॅक्बेथ' हें सुमारें १६०६ सालचें नाटक मराठी वाचकांना परकें नाहीं, शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीरावा'पासून वि. वा. शिरवाडकर यांच्या १९५४ च्या 'राजमुकुटा'पर्यंत तें आमच्या रंगभूमीवर वेष पालटून आलें आहे. झोंपेवर इतकें लिहिलेलें दुसरें मोठें नाटक सहसा सांपडावयाचें नाहीं. डंकन राजाला झोंपेंत मारून आलेल्या मॅक्बेथला, आपण झोंपेचाच खून केला आणि यापुढें आपल्याला झोंप नाहीं, असें सांगणारा आवाज ऐकूं येतो. पुढें तो कबरींत निजलेल्या डंकनचा हेवा करतो. शेवटीं त्याची पत्नी झोंपेंत उठून चालते, हातावरचे नसलेले डाग धुते, आणि पाहणारा वैद्य म्हणतो कीं हिला वैद्यापेक्षां धर्मगुरूची गरज आहे.

या सर्वांचा रूढ अर्थ असा कीं, पापानें झोंप नेली; निद्रानाश ही टोंचणाऱ्या मनानें दिलेली शिक्षा. हा अर्थ चूक नाहीं. नाटकाची नैतिक इमारत त्यावरच उभी आहे, आणि शाळा-कॉलेजांतून तोच शिकविला जातो. पण नाटक पुन्हां वाचतांना आमचें लक्ष एका निराळ्या गोष्टीकडे गेलें. डंकनला मारण्याआधीं मॅक्बेथ किती विचार करतो! तो राजा आहे, पाहुणा आहे, नातलग आहे, सज्जन आहे, अशीं एकामागून एक कारणें तो स्वतःसमोर मांडतो. बेत सोडून देण्यापर्यंत येतो. पुढें रात्रीमागून रात्री त्याच्या भीषण स्वप्नांत जातात. मेजवानींत त्याला मारल्या गेलेल्या बँकोचें भूत दिसतें. पाहुणे उठून गेल्यावर पत्नी त्याला एकच घरगुती वाक्य बोलते: तुम्हांला झोंप मिळालेली नाहीं. त्यानंतरचा मॅक्बेथ विचार करीत नाहीं. मनांत येईल तें हातांनीं लगेच उरकावयाचें, असें तो उघड ठरवितो, आणि मॅक्डफच्या बायकोमुलांची कत्तल करावयास माणसें पाठवितो. या खुनाचा त्याला कांहींहि उपयोग नाहीं. पहिल्या खुनाला महत्त्वाकांक्षा तरी होती. शेवटच्याला कारणच नाहीं.

म्हणजे शेक्सपिअरनें शिक्षेबरोबर दुसरेंहि कांहीं दाखविलें आहे. पापानें झोंप गेली, आणि झोंप गेल्यावर पाप स्वस्त झालें. हा दुसरा भाग त्यानें कोठें समजावून सांगितलेला नाहीं; प्रसंगांच्या क्रमांत ठेवला आहे. टीकाकार मात्र पहिल्याच भागाशीं थांबले. न्यायाची कल्पना पुरी झाली म्हणजे वाचकाचें समाधान होतें, आणि समाधान झालेला वाचक पुढें पाहात नाहीं.

परंतु राजे आणि सेनापति यांच्या निद्रानाशाला नेहमीं एक कारण असतें: राज्य, सूड, लोभ. ज्याच्या मनांत यांतलें कांहींच नाहीं, त्याची झोंप दुसऱ्यानेंच हिरावली तर त्याचें काय होतें, हा प्रश्न विचारावयाला वाङ्मयाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत थांबावें लागलें. तो विचारणारा चेकॉव्ह लेखक होता तसाच वैद्यहि होता. १८८४ सालीं मॉस्को विद्यापीठांतून तो वैद्यकीची परीक्षा उतरला. १८८८ च्या जानेवारींत एका सेंट पीटर्सबर्गच्या वर्तमानपत्रांत त्याची एक फार लहान गोष्ट छापून आली. तिच्या रशियन नांवाचा अर्थ 'झोंप येते आहे' एवढाच.

वार्का ही तेरा वर्षांची मुलगी एका चांभाराच्या घरीं मूल सांभाळावयास ठेवलेली आहे. रात्र आहे. पाळण्यांतलें मूल कधींचें रडतें आहे. देवाच्या तसबिरीपुढें दिवा जळतो आहे, त्याचा हिरवा डाग छतावर पडला आहे. दोरीवर वाळत घातलेलीं लंगोटें आणि एक मोठी काळी विजार यांच्या सांवल्या हालतात. कोपऱ्यांत रातकिडा ओरडतो. शेजारच्या खोलींत धनी आणि त्याचा उमेदवार घोरत आहेत. वार्काला निजण्याची परवानगी नाहीं. ती निजली तर मार बसेल. ती पाळणा हालविते आणि अंगाई गुणगुणते, आणि गंमत अशी कीं त्या अंगाईनें मूल निजत नाहीं, ती स्वतः पेंगते.

उघड्या डोळ्यांना कांहीं क्षणांपुरती लागणारी जी झोंप, तिचें इतकें बिनचूक वर्णन त्यापूर्वीं कोणीं केलें असेल असें आम्हांला वाटत नाहीं. सांवल्यांचे ढग होतात. ढगांतून चिखलाचा रस्ता दिसतो, पाठीवर ओझीं घेतलेलीं माणसें त्या रस्त्यावर चालतात आणि एकदम चिखलांत आडवीं पडतात: कशाला? तर झोंपावयाला. तारांवर बसलेले कावळे मुलासारखे रडून त्यांना जागें करूं पाहतात. मग तिला तिचा बाप दिसतो, आंतडें उतरल्यानें तळमळून मेलेला, आई दिसते. तोंच कानाखालीं फटका बसतो आणि पुन्हां तो हिरवा डाग. दिवस उजाडला कीं हुकमांचा मारा सुरू होतो: चूल पेटव, जोडे साफ कर, सामोवार ठेव, पायऱ्या धू, बटाटे सोल, पाहुणे आले आहेत, दारू आण. धन्याचा भलामोठा जोडा पुसतांना तिला वाटतें, यांत डोकें घालून क्षणभर पडावें. आणि तो जोडा फुगत फुगत खोलीभर होतो. मग पुन्हां रात्र, पुन्हां तेंच मूल. शेवटीं तिला आपला शत्रु सांपडतो. आपल्याला जगूं देत नाहीं तें हें मूल, एवढी साधी गोष्ट आपल्याला आधीं कशी कळली नाहीं, याचें तिला नवल वाटतें. ती हंसते. मुलाचा गळा दाबते, आणि आतां निजतां येईल या आनंदांत जमिनीवर पडून क्षणांत गाढ झोंपी जाते.

गोष्ट येथें संपते. खुनावर एक वाक्य नाहीं, शिक्षेवर एक वाक्य नाहीं. हा शेवट भडक आहे असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे, आणि नुसतें कथानक सांगितलें तर तो खराहि वाटेल. परंतु चेकॉव्हनें भडकपणाची एकहि सोय वापरलेली नाहीं. तिच्या मनांत द्वेष नाहीं, कट नाहीं, घुबडाचा उपदेश नाहीं. पुन्हां पुन्हां तोच डाग, तोच रातकिडा, तेंच रडणें आणून त्यानें वाचकालाच जागरण घडविलें आहे. म्हणून शेवटाला पोंचेपर्यंत वाचकाचा विवेकहि थोडासा पेंगूं लागतो आणि 'एकदांचें तें मूल थांबूं दे' असें आपल्याला क्षणभर वाटून जातें. मागाहून आपण दचकतों. मॅक्बेथला पापानें झोंपेपासून तोडलें. वार्काला झोंपेच्या अभावानें पापापाशीं आणलें, आणि तिला पाप दिसलेंच नाहीं. तिचा खून झोंपेसाठीं होता, आणि झोंप तिला मिळाली. काव्यगत न्याय मानणाऱ्या वाचकाला यासारखा दुसरा धक्का नाहीं.

एका स्नेह्यांच्या घरीं ही गोष्ट आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविली होती. ऐकणाऱ्यांत एक वकील होते, ते म्हणाले, "मुलगी वेडी झाली होती, एवढें सिद्ध झालें म्हणजे पुरे." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "अशा पोरींवर मूल टाकावेंच कशाला?" घरच्या वहिनींच्या मांडीवर चार महिन्यांचें मूल होतें. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, त्या घरांत एवढीं माणसें होतीं. एका रात्रीं तरी कोणीं पाळण्याला हात लावला असता, तर?" वकिलांनीं आणि गृहस्थांनीं मुलीचा विचार केला, वहिनींनीं घराचा केला. आमच्या मतें गोष्ट त्यांनाच समजली.

वाङ्मयाला जें दिसलें त्याच्या मागोमाग शास्त्र आलें, हेंहि येथें नोंदविलें पाहिजे. १८९४ सालीं मारिया मानासेइना या रशियन विदुषीनें कुत्र्याच्या पिलांना सतत जागें ठेवलें असतां तीं कांहीं दिवसांतच मेलीं, असें प्रसिद्ध केलें. १८९६ सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत पॅट्रिक आणि गिल्बर्ट यांनीं तीन माणसांना नव्वद तास जागें ठेवून पाहिलें; त्यांतल्या एकाला जमिनीवर आणि हवेंत नाचणारे बारीक कण दिसूं लागले. वार्काची सांवली आणि तिचा फुगणारा जोडा याच्या आठ वर्षें आधींचे.

अलीकडच्या संशोधनानें याहून पुढची गोष्ट सांगितली आहे. २००७ सालीं यू, वॉकर आणि त्यांचे सहकारी यांनीं सव्वीस निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतल्या कांहींना एक रात्र निजूं दिलें नाहीं आणि मग सर्वांना क्रमानें अधिकाधिक अप्रिय होत जाणारीं चित्रें दाखविलीं. भय आणि क्रोध यांच्याशीं संबंध असलेला, मेंदूंतील बदामाएवढा जो भाग, तो जागलेल्यांत सुमारें साठ टक्के अधिक खवळला. आणि त्या भागाला आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या मेंदूशीं असलेला त्याचा दुवा ढिला पडलेला दिसला. कृपाचार्य ज्याला विसाव्यानें स्वस्थ झालेलें मन म्हणत होते, त्याचा देहांतला पत्ता असा लागला. २००३ च्या एका प्रयोगांत लोकांना सलग चौदा दिवस सहा तास किंवा त्याहूनहि कमी झोंप दिली, तेव्हां त्यांचें अवधान एक-दोन रात्री मुळींच न निजलेल्या माणसाइतकें घसरलें. आणि अधिक चिंतेची गोष्ट ही कीं, आपण इतके घसरलों आहोंत हें त्यांना स्वतःला उमगलें नाहीं. "मला पांच तास पुरतात" असें अभिमानानें सांगणाऱ्या सद्गृहस्थांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

यावर कोणी म्हणेल कीं, मनाचें दुखणें आधीं, झोंपमोड मागाहून. दोन्ही एकत्र दिसतात म्हणून कारण कोणतें हें कसें कळावें? शंका रास्त आहे. तिचें उत्तर दोन बाजूंनीं मिळालें आहे. २०११ सालीं एकवीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत, मुळांत विषण्णतेचा विकार नसलेल्या पण झोंप न येणाऱ्या माणसांना पुढें तो विकार जडण्याचा धोका नीट निजणाऱ्यांच्या सुमारें दुप्पट आढळला. आणि २०१७ सालीं ब्रिटनमध्यें, सव्वीस विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतल्या अर्ध्यांना केवळ निद्रानाशावरचा, विचार आणि संवयी बदलण्याचा उपचार संगणकाद्वारें दिला. झोंप सुधारली, आणि तिच्याबरोबर, लोक आपल्या वाईटावर आहेत हा संशय आणि भलतेंच दिसण्या-ऐकण्याचे भास, हेहि कमी झाले. मनाला हात न लावतां झोंपेला हात लावला आणि मन सुधारलें, एवढा याचा अर्थ. गाडा दोन्ही दिशांनीं चालतो.

मात्र एका टोंकावरून दुसऱ्या टोंकावर जाण्याचा मोह आम्ही टाळूं. चांगली झोंप म्हणजे चांगलें मन, असें सरळ गणित नाहीं. खोल विषण्णतेच्या कित्येक रोग्यांना एक संपूर्ण रात्र जागविलें तर दुसऱ्या दिवशीं थोडा वेळ उत्साह वाटतो, आणि पुन्हां निजल्यावर बहुधा तो मावळतो. ही गोष्ट वैद्यांना चांगली परिचित आहे आणि तिनें आमची सोपी मांडणी बिघडते. सौप्तिकपर्वांतच पाहा: कृपाचार्य आणि कृतवर्मा निजले होते. तरीहि ते अश्वत्थाम्याबरोबर गेले, शिबिराच्या दाराशीं उभे राहिले आणि पळणाऱ्यांना त्यांनींच कापलें. शहाणा सल्ला देणारा माणूस निजून उठल्यावरहि वाईट कृत्याला साथ देतो. झोंप सद्गुण देत नाहीं. तसेंच, जागणारी प्रत्येक आई मुलाचा गळा दाबीत नाहीं, पहारा करणारा प्रत्येक शिपाई खुनी होत नाहीं. म्हणून अश्वत्थाम्याचा अपराध 'बिचारा जागा होता' एवढ्यावर धुतला जाणार नाहीं, आणि जाऊंहि नये; त्याला निजण्याची संधि होती, सल्ला होता, आणि त्यानें तो झिडकारला. वार्काला सल्ला नव्हता, संधि नव्हती, आणि निजणें हा तिच्या घरांतला अपराध होता. दोघांचा निवाडा एकाच मापानें करणें हा टीकेचाच अपराध ठरेल. क्रोध आणि कृति यांच्यामध्यें जो थोडासा अवकाश असतो, ज्यांत माणूस 'सकाळीं पाहूं' असें म्हणूं शकतो, तो अवकाश झोंप राखते. त्याचा उपयोग करणें तरीहि माणसाच्याच हातीं राहतें.

आमच्या जुन्या वैद्यकाला हें ठाऊक होतें. चरकसंहितेनें आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीनें निद्रेला देहाचा आधारस्तंभ मानलें, आणि सुख-दुःखच काय, ज्ञान आणि अज्ञान हींहि निद्रेवर अवलंबून असल्याचें सांगितलें. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अति निजणाऱ्याप्रमाणें अति जागणाऱ्यालाहि योग साधत नाहीं असें म्हटलें आहे. आम्हीं त्यांतला पहिलाच अर्धा भाग मुलांना पाठ करावयास लावला.

आणि म्हणून ही चर्चा ग्रंथांशीं संपत नाहीं. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आम्ही गरिबांच्या समाधानाची खूण म्हणून सांगतों. वार्काला धोंडाहि चालला असता. तिला निजूं द्यावयाला कोणी तयार नव्हतें. आमच्या मध्यम वर्गाच्या घरांतून, मूल सांभाळावयाला गांवाकडची एखादी दहा-बारा वर्षांची पोर ठेवण्याची चाल फार जुनी. ती कोठें निजते, केव्हां निजते, हा विचार त्या घरांत वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांतहि कधीं आला नाहीं. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याखालीं २००६ च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास बंदी झाली, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें ती जवळजवळ सर्व कामांना लागू झाली. वार्काचें वय तेरा होतें. कायदा झाला, तरी रात्रीच्या जागरणाची वांटणी घरांत कशी होते, हें कायदा पाहात नाहीं. तान्ह्या मुलाच्या आईची चिडचिड 'स्वभाव' म्हणून, परीक्षेच्या दिवसांतला मुलाचा उर्मटपणा 'वळण नाहीं' म्हणून, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या सुनेचें रडणें 'दुबळेपणा' म्हणून आम्ही निकालांत काढतों. त्यांतलें कांहीं स्वभावाचें असेलहि. पण निवाडा देण्याआधीं, हें माणूस किती रात्री निजलेलें नाहीं, एवढी चौकशी कोणी केली होती काय?

वाङ्मयानें आम्हांला धृतराष्ट्राची रात्र दिली, अश्वत्थाम्याची दिली, मॅक्बेथची दिली. त्या मोठ्या आहेत आणि मोठ्याच राहतील. तरीहि पुढच्या वेळीं घरांत कोणाचा आवाज चढला, तर आम्हांला त्या तिघांच्या आधीं वार्का आठवावी, आणि मुलाच्या पाळण्याची दोरी तिच्या हातांतून घेऊन कृपाचार्यांचे शब्द कोणीं तरी तिला म्हणावेत: ही एक रात्र नीज, सकाळीं पाहूं.